बारा पाइप, सहा पत्रे: शेतावरचं स्वस्त आणि टिकाऊ शेड

शेड काढायचं ठरलं की बहुतेक जण आधी माप ठरवतात. "वीस बाय दहा काढू" असं म्हणतात, वेल्डरला बोलावतात आणि मग सामान आणायला जातात. इथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. बाजारात लोखंडी पाइप ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंचांचा मिळतो. रंगीत पत्रा साडेतीन फूट रुंद दिसत असला तरी शेजारच्या पत्र्यावर चढवल्यावर निव्वळ एक मीटर जागाच झाकतो. वीस फुटांचं शेड काढलं तर पाइप चार इंच कमी पडतो आणि पत्रे सहाऐवजी सात लागतात. सातव्याचा मोठा भाग कापून कोपऱ्यात पडून राहतो. म्हणून सामानाच्या मापावरून शेड ठरवा.

दुसरी गोष्ट पैसे कुठे घालायचे याची. खांबाखालचं काँक्रीट आणि पत्र्याची पकड या दोन जागी हात आखडता घेऊ नका. मधल्या भिंती, दार, जमीन यांत हवी तेवढी काटकसर करा. त्या पुढच्या वर्षी सुधारता येतात, उडालेला पत्रा मात्र शेजाऱ्याच्या उसातून उचलून आणावा लागतो.

पुढे दिलेलं शेड एकपाखी आहे, म्हणजे एका बाजूला उंच आणि दुसरीकडे उतरतं. अवजारं, खतं, कडबा, चारेक गाई किंवा पंधराएक शेळ्या यासाठी ते पुरतं. दुपाखी छप्पर दिसायला छान, पण एवढ्या लहान कामाला मधला आढा, त्यावरची टोपी आणि जास्तीची कापाकापी परवडत नाही.

माप आणि सामान

खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंत लांबी १९ फूट, रुंदी साडेनऊ फूट. उंच बाजू जमिनीपासून साडेनऊ फूट, उतरती बाजू साडेसात. साडेनऊ फुटांत दोन फुटांचा उतार म्हणजे पाचास एकच्या जवळपास, पत्र्याला तो भरपूर झाला. कोकणात किंवा मावळात उतार आणखी अर्धा फूट वाढवला तर चांगलंच.

यासाठी २ बाय २ इंची, २ मिलिमीटर जाडीचे आठ पाइप आणि दीड बाय दीड इंची, त्याच जाडीचे चार पाइप लागतात. आठांतल्या चार पाइपांतून पुढचे चार उंच खांब काढा, प्रत्येकी १२ फुटांचे. उरलेले पावणेआठ फुटांचे तुकडे टाकू नका. त्यातून साडेतीन फुटांचे आठ तिरके आधार निघतात. दोन पाइप मधोमध कापले की मागचे चार आखूड खांब मिळतात, आणखी दोन मधोमध कापले की चार वासे. वाशाची तिरकी लांबी ९ फूट साडेआठ इंच येते आणि अर्धा पाइप ९ फूट १० इंचांचा असतो, म्हणजे तो बरोबर बसतो. उरलेले चार पाइप वाशांवर आडवे जातात. वेल्डर त्यांना पर्लिन म्हणतो. ते अख्खेच ठेवायचे, कापायचे नाहीत.

पाइप वजनावर विकला जातो आणि जाडीत फसवाफसवी होते. चौदा गेज सांगून त्याहून पातळ सोळा गेज देणारे असतातच. २ इंची, २ मिलिमीटरचा पूर्ण पाइप साधारण १८ किलो भरतो आणि दीड इंची १४ किलोंच्या आसपास. काट्यावर दोन-चार किलो कमी भरला तर भिंत पातळ आहे, परत करा. या हिशेबाने सगळं लोखंड २०० किलोंच्या आसपास जातं. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतो, म्हणून तुमच्या बाजारातल्या किलोच्या भावाने गुणा.

पत्रे ०.५० मिलिमीटर जाडीचे, ११ फुटी, सहा नग. तयार साठ्यात १० आणि १२ फुटी असतात, पण रंगीत पत्रा मोठ्या दुकानात सांगाल त्या लांबीचा कापून मिळतो. ०.३५ चा पत्रा स्वस्त वाटतो, पण माणूस वर चढला की चेपतो आणि वाऱ्यात स्क्रूच्या भोवती फाटतो. अवजारांची खोली असेल तर सहापैकी एक पत्रा पारदर्शक फायबरचा घ्या, दिवसा दिवा लागणार नाही. सिमेंटचे जुने पत्रे कोणी फुकट देत असेल तर मी ते घेणार नाही. त्यात अॅस्बेस्टॉस असतो आणि कापताना, भोक पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक आहे.

द्राक्षबाग मोडल्यावर निघालेले अँगल, जुन्या शेडचे पाइप असलं सामान जरूर वापरा. फक्त जमिनीत गाडलेलं टोक हातोडीने ठोकून पाहा. पापुद्रे सुटत असतील तर तेवढा भाग कापून टाका.

जागा

आधी पाणी बघा. पावसात वावरातलं पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याला ते नेमकं ठाऊक असतं. शेड त्या वाटेवर नको. विजेच्या तारेखाली तर नकोच. ११ फुटांचा पत्रा उभा धरला की हात कुठवर जातो याचा विचार करा. मोठ्या झाडाची सावली हवी, पण सुकलेली फांदी डोक्यावर नको.

तोंड कुठे करायचं हे मुलखावर अवलंबून आहे. कोकण, मावळ, महाबळेश्वरच्या बाजूला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. तिथे उतरती पाठ पश्चिमेला आणि उघडी, उंच बाजू पूर्वेला ठेवा. सकाळचं ऊन आत येतं आणि जमीन सुकते. मराठवाडा-विदर्भात वैरी ऊन आहे. तिथे शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून पाठ दक्षिणेला करा, म्हणजे दुपारचं ऊन आत घुसत नाही. उतरत्या बाजूचं पाणी घराच्या भिंतीकडे किंवा शेजाऱ्याच्या बांधावर पडणार नाही याची खात्री करा. बांधावरून होणारी भांडणं शेडपेक्षा जास्त टिकतात.

गावठाणात बांधत असाल तर ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या. गोठ्यासाठी अनुदान घ्यायचं असेल तर मंजुरी आणि काम सुरू करण्याचा आदेश हातात येईपर्यंत कुदळ मारू नका, कारण आधी झालेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या २०२१ च्या शासन निर्णयात दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्याला ७७,१८८ रुपये धरले होते आणि त्याचं माप ७.७ बाय ३.५ मीटर होतं. आजची रक्कम आणि अटी पंचायत समितीत विचारा. त्या योजनेतून करायचं असेल तर माप त्यांच्या आराखड्याप्रमाणेच ठेवावं लागेल, इथलं नाही.

आखणी

खुंट्या, सुतळी, मीटर टेप आणि फक्की एवढं पुरे. १९ फुटांची एक बाजू सुतळीने ताणा. एका कोपऱ्यापासून तिच्यावर १२ फुटांवर खूण करा. त्याच कोपऱ्यातून दुसरी सुतळी काटकोनात नेऊन तिच्यावर ९ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १५ फूट आलं की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. चारही कोपरे झाल्यावर कर्ण मोजा. दोन्ही कर्ण २१ फूट ३ इंच यायला हवेत. एक इंचापेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा आखा. इथला तिरकेपणा शेवटी पत्र्याच्या कडेला करवतीसारखा दिसतो आणि मग तो झाकता येत नाही.

१९ फुटांच्या बाजूवर चार खांब येतात, ६ फूट ४ इंच अंतराने. दोन्ही रांगा मिळून आठ खड्डे.

खड्डे, आणि वाऱ्याचा हिशेब

खड्डा सव्वा फूट बाय सव्वा फूट, अडीच फूट खोल. हे माप असंच का, ते समजून घ्या.

वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ मध्ये, पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबई आणि नागपूरसाठी ४४. ३९ मीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९३ किलो होतो. आपलं छप्पर २० चौरस मीटरचं. उघड्या शेडमध्ये वारा खालून घुसतो आणि वरून ओढतो, त्यामुळे अशा वादळात छपराला वर उचलणारा जोर दीड-पावणेदोन टनांपर्यंत जाऊ शकतो. अख्ख्या शेडचं वजन, पत्रे धरून, तीनशे किलो. म्हणजे शेडला उभं ठेवायचं नसून खाली धरून ठेवायचं आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत पत्रे पानांसारखे उडाले. देशावर दरवर्षी वळवाच्या पावसाआधीचा वारा तेच लहान प्रमाणात करतो.

सव्वा बाय सव्वा बाय अडीच फुटांच्या काँक्रीटचं वजन साधारण २६५ किलो. आठांचं मिळून दोन टनांच्या वर. जोर आणि वजन जुळलं. शिवाय आजूबाजूची माती धरून ठेवते ते वेगळं. खड्डा तळाशी दोन-तीन इंच रुंद केला तर पकड आणखी वाढते. वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा मात्र चालणार नाही, तो गाजरासारखा उपटला जातो. खणणाऱ्या गड्याकडून नेमकं हेच होतं, कारण कुदळीला ते सोपं पडतं. उभं राहून बघा.

काळ्या मातीत हिशेब बदलतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी खांब हलवते. मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर किमान साडेतीन फूट जा, तळाशी सहा इंच मुरूम पाणी मारून धुमसा आणि मग काँक्रीट भरा. तेव्हा खांबाचे पाइप फूटभर जास्त लांब लागतील हे खरेदीच्या वेळीच धरा.

काँक्रीट एकास दोन, चार: सिमेंटचं एक घमेलं, वाळूची किंवा कचेची, म्हणजे दगडाच्या चुऱ्याची, दोन, खडीची चार. आठ खड्ड्यांना सहा पोती सिमेंट, १५ घनफूट वाळू, ३० घनफूट खडी. एका पोत्यामागे पाणी २५ ते २८ लिटर. पातळ केलं तर ओतायला सोपं जातं, पण ताकद अर्धी होते. कालवणारा माणूस घाईत असला की आधी पाण्याचाच पाइप उचलतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

खांब उभे करणं

खांबाच्या खालच्या टोकाला फूटभर लांबीची १० मिलिमीटरची सळई आडवी वेल्ड करा. ती काँक्रीटमध्ये अडकली की पाइप निसटत नाही. पाइपाची वरची तोंडं बंद करा, नाहीतर आत पाणी साचून आतून गंज चढतो आणि बाहेरून काही कळत नाही. सगळ्या पाइपांना रेड ऑक्साइड जमिनीवरच लावून घ्या. उभं झाल्यावर मागची बाजू कोणी रंगवत नाही.

आधी चार कोपऱ्यांचे खांब. ओळंबा दोन्ही बाजूंनी लावा, बांबूचे टेकू द्या. त्यांच्यामध्ये सुतळी ताणून मधले खांब बसवा. पुढचे खांब अडीच फूट खाली, मागचे सव्वादोन फूट. उंची जमिनीवरून मोजू नका, जमीन कधीच सपाट नसते. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने सगळ्या खांबांवर एक समान खूण करा आणि तिथून वर मोजा.

काँक्रीट जमिनीच्या वर सहा इंच येऊ द्या आणि त्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता करा. गोठा असेल तर फूटभर वर घ्या. खांब कुजतो तो नेमका जमिनीलगत, आणि जनावराचं मूत्र लोखंडाला पाण्यापेक्षा कितीतरी लवकर खातं. सात दिवस दोन वेळा पाणी मारा. ओलं गोणपाट गुंडाळलं तर उत्तम. तोवर वर काहीही चढवू नका.

सांगाडा

वासे पुढच्या खांबावरून मागच्या खांबावर वेल्ड करा, चार जोड्यांवर चार. त्यांच्यावर चार पर्लिन आडवे, सव्वातीन फूट अंतराने. पहिला आणि शेवटचा अगदी टोकाला. पाइप १९ फूट ८ इंचांचा असल्याने दोन्ही बाजूंना चार-चार इंच बाहेर निघतो, तो तसाच ठेवा.

तिरके आधार हा या कामातला सगळ्यात टाळला जाणारा भाग. त्यांच्याशिवायही शेड उभं राहतं, म्हणून वेल्डर "कशाला?" म्हणतो. एक आधार प्रत्येक पुढच्या खांबावरून वाशाला, हे चार झाले. उरलेले चार, चारही कोपऱ्यांच्या खांबांवरून पर्लिनला, लांबीच्या दिशेने. सांगाडा हाताने हलवून बघा, तो डुलत असेल तर आधार चुकीच्या जागी आहेत.

शेतावर लाइटचा भरवसा नसेल तर वासे आणि खांबांचं कापणं-भोकं पाडणं वर्कशॉपमध्ये करून घ्या आणि ट्रॉलीतून आणा. जागेवर नटबोल्टने जोडलं तरी चालतं. जोडलेल्या प्रत्येक जागी पुन्हा रंग द्या.

पत्रे

सकाळी, वारा पडलेला असताना पत्रे चढवा. सुरुवात वाऱ्याच्या उलट्या टोकाकडून करा. वारा दक्षिण-पश्चिमेचा असेल तर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या टोकाला पहिला पत्रा. मग प्रत्येक पुढचा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाचं तोंड वाऱ्याकडे येत नाही. उतरत्या बाजूला नऊ इंच, उंच बाजूला सहा इंच बाहेर ठेवा. यापेक्षा जास्त पागोळी काढली तर वाऱ्याला पकडायला कान मिळतो.

स्क्रू सेल्फ ड्रिलिंगचे, म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणारे, रबरी वॉशर असलेले. स्क्रू पत्र्याच्या उंच भागावर मारा. खोलगट भागातून पाणी वाहतं आणि वॉशर थकला की तिथूनच गळतं. दोन्ही टोकांच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला एक, मधल्या दोनांवर एकाआड एक. दोन पत्र्यांच्या जोडावरचा उंचवटा मात्र कुठेच रिकामा सोडायचा नाही. सव्वाशे स्क्रू आणा. वॉशर किंचित पसरेपर्यंतच आवळा. फार आवळलं की रबर फाटतं आणि पत्रा दबून तिथेच पाण्याचं डबकं होतं.

वर चालताना पाय पर्लिनवरच. फळी टाकली तर आणखी सुरक्षित. काम झाल्यावर भोकांतून पडलेला लोखंडाचा चुरा झाडून काढा, तो पहिल्याच पावसात गंजून नव्या पत्र्यावर तांबडे डाग पाडतो. आणि वर दगड, टायर ठेवायची गरजच उरत नाही. वादळात तेच आधी खाली येतात.

घराला लागून पडवी काढायची असेल तर

हाच सांगाडा घराच्या मागे चालतो, फक्त उंच बाजू घराकडे. मोह होतो की त्या बाजूचे चार खांब वाचवावेत आणि वासे भिंतीत घुसवावेत. भिंत पक्क्या विटांची आणि सिमेंटची असेल तर अँगल बोल्टने बसवून ते जमेल. जुनी मातीची किंवा मातीत रचलेली दगडी भिंत असेल तर खांब भिंतीला चिकटून पण स्वतंत्र ठेवा. नवं छप्पर वाऱ्यात ओढ घेतं आणि ती ओढ जुन्या भिंतीला सोसत नाही.

घराच्या छपराची पागोळी पुढे आलेली असेल तर पडवीचा पत्रा तिच्या खाली सारा, एवढं सोपं दुसरं काही नाही. नुसती भिंत असेल तर पत्र्याच्या थोडं वर भिंतीत आडवी खाच पाडा, वाकवलेल्या पत्र्याची पट्टी तिच्यात घालून सिमेंटने भरा आणि पट्टीचा खालचा भाग पत्र्यावर सहा इंच येऊ द्या. नुसतं सिमेंट थापलेला सांधा एका उन्हाळ्यात तडकतो. आणि घराच्या छपराचं पाणी आता पडवीवर पडणार, म्हणून पन्हळ हवीच.

पाणी, जमीन, भिंती

एक सेंटिमीटर पाऊस पडला की या छपरावरून २०० लिटर पाणी येतं. चार इंची पीव्हीसी पाइपाचा लांबीभर एक काप काढला की झाली पन्हळ. ती ड्रममध्ये सोडा, जास्तीचं पाणी चरातून लांब न्या.

जमीन आजूबाजूपेक्षा नऊ इंच उंच, मुरुमाची, दोन थरांत पाणी मारून धुमसलेली. अवजारांना एवढं बास. गोठ्यात खडबडीत काँक्रीट करा, ओलं असताना झाडूने ओरखडे काढा आणि मूत्राच्या नालीकडे उतार द्या. शहाबादी फरशी जनावर घसरवते. एका गाईला साडेतीन चौरस मीटर आणि म्हशीला चार अशी झाकलेली जागा धरा, शेळीला एक. गरम मुलखात गोठ्याची उंची दोन्ही बाजूंना फूटभर वाढवा. मग अर्ध्या पाइपात मागचा खांब निघत नाही, पण जनावराला हवा मिळते.

भिंतींत वाचवा. खाली तीन फूट दगड किंवा विटा, वर तट्ट्या. कोकणात झापं, घाटमाथ्यावर कारवीचा शेणमातीने लिंपलेला कूड, इतर ठिकाणी हिरवी नेट. छपराखाली फूटभर जागा चहूकडे मोकळी सोडा. पत्र्याच्या शेडमध्ये गरम हवा तिथूनच निघते. उन्हाळ्यात पत्र्यावर चुन्याचा हात मारला तर आतला ताप जाणवण्याइतका उतरतो. वर पाचट पसरण्याची पद्धत आहे, पण ठिणगी आणि वारा दोन्हींची भीती असते, त्यापेक्षा आतून तट्ट्यांचं छत बांधलेलं बरं.

लोखंडच परवडत नसेल तर बांबू. तीन वर्षांवरचा, पावसाळा संपल्यावर थंडीत तोडलेला घ्या, त्यात भुंग्याला खेचणारी साखर कमी असते. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून सुकवा. बांबू जमिनीत पुरू नका. काँक्रीटमध्ये पाइपाचा तुकडा रोवून त्यावर बोल्टने बसवा. गोठ्यासाठी मी बांबूच्या वाटेला जाणार नाही, कडब्यासाठी जाईन.

दरवर्षी वळवाच्या आधी, एप्रिलमध्ये, शिडी लावून स्क्रू तपासा आणि चिरलेले वॉशर बदला. पुढे जागा कमी पडली तर हेच शेड लांबवता येतं. पर्लिनच्या चार इंची टोकांना नवे पाइप जोडायचे, दोन वासे आणि चार खांब वाढवायचे. नवा भाग वाऱ्याच्या बाजूला निघाला तर नवा पत्रा जुन्याच्या वर चढतो, काम सरळ होतं. उलट्या बाजूला निघाला तर जुन्या शेवटच्या पत्र्याचे स्क्रू काढून नवा त्याखाली सारावा लागतो. ती जागा कोणत्या बाजूला मोकळी आहे हे आखणीच्या दिवशीच बघून ठेवा.